ब्रायडीच्या दारावरचं तोरण

ब्रायडी दार वाजवत नसे. मागच्या अंगणातून यायची, कडी उघडायची आणि उंबऱ्यात उभी राहून देवाचं नाव घ्यायची. या घरातल्या सगळ्यांचं भलं होवो, अशा अर्थाचं ते काहीतरी असतं, असं सुजातानं मला नंतर सांगितलं. पहिल्या दिवशी मी सुजाताच्या स्वयंपाकघरात एकटीच बसले होते. दार उघडलं आणि एक उंच, हाडकुळी म्हातारी आत आली. अंगात पुरुषाचा जाड कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, हातात फडक्यात गुंडाळलेला पाव. मी उठून पदर सारखा केला. तिनं पाव टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बोलायला सुरुवात केली. चांगला अर्धा तास बोलली. मी मध्ये मध्ये हो म्हणत होते.

सुजाता आली तेव्हा ब्रायडीनं तिला माझ्याबद्दल काही सांगितलं, आणि सुजाता हसत सुटली. मला म्हणाली, "काकू, तिनं विचारलं तुमचे मालक आहेत का, तुम्ही हो म्हणालात. चहा करून देऊ का विचारलं, तेव्हाही हो म्हणालात. ती म्हणते, बाई फार छान आहे, मध्ये मध्ये बोलत नाही."

मालकांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. सुजाता म्हणाली, सांगू का तिला? मी म्हटलं, राहू दे.

आम्ही तिथं आठ दिवसांच्या सुट्टीला गेलो होतो. माझा मुलगा अमोल परदेशात कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात काम करतो, तिथल्याच नास नावाच्या गावी राहतो. सुजाताचा नवरा नीलेश हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. त्यानं पार पश्चिमेकडे, मेयो नावाच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जुनं घर विकत घेतलं होतं. अमोल, सून, नऊ वर्षांची नात ईरा आणि मी, असे मे महिन्यात गेलो. अमोल वाटेत मला सारखा सांगत होता, आई, तिथं तू फक्त आराम करायचा. सुजाता तर भांड्यालाही हात लावू देईना. ते सगळे गाडी घेऊन समुद्रावर जायचे. मीही एकदा गेले. वारा एवढा होता की मी गाडीतच बसून राहिले, आणि ते परत येईपर्यंत काचेवर साचलेलं मीठ बघत होते. दुसऱ्या दिवसापासून मी जाणार नाही म्हटलं, आणि गल्ली ओलांडून ब्रायडीकडे जायला लागले. ईरालाही वाऱ्याचा कंटाळा. ती बरोबर यायची.

ब्रायडी एक्याऐंशी वर्षांची होती. तिच्या घरात लोखंडी चूल होती, तिच्यात ती मातीच्या वाळलेल्या विटा जाळायची. दलदलीतून खणून काढतात त्या. धूर घरभर, पण कडू नाही. चूल ती कधी विझू देत नसे. निजायच्या आधी निखारे राखेत झाकताना घरातून गेलेल्या एकेकाचं नाव घ्यायची, असं ईरानं विचारून मला सांगितलं. आई, बाप, एक काका, लहानपणीच गेलेली एक बहीण. त्यांच्याबद्दल बोलताना ती 'होते' म्हणत नसे, 'आहेत' म्हणायची. आईला वारा आवडत नाही म्हणून ही खिडकी लावलेली. काका या बाकावर बसतो म्हणून इथं टोपली ठेवायची नाही. ईरा पहिल्या दिवशी त्या बाकाकडे बघत माझ्या अंगाला चिकटली होती. मी मात्र टोपली उचलून खाली ठेवली. आमच्याकडेही असंच असतं, फक्त आम्ही मोठ्यानं बोलत नाही.

आमचं बोलणं असं चालायचं. मी मराठीत बोलायची, ती तिच्या इंग्रजीत. ईरा असली आणि तिच्या मनात असलं तर अर्थ कळायचा, नाही तर नाही. एकदा मी सुजाताकडचं ज्वारीचं पीठ घेऊन गेले आणि तिच्या चुलीवर भाकरी थापली. ब्रायडी हात मागे बांधून शेजारी उभी. भाकरी फुगली तशी तिनं छातीवर क्रूस काढला. मग त्यावर बोटभर लोणी लावून खाल्ली आणि काही विचारलं. ईरा म्हणाली, "आजी, शी इज आस्किंग, यात मीठ नाही, सोडा नाही, मग तुम्ही काय पाप केलंय?" त्यांच्याकडे पाप धुवायला उपास करतात, त्यात असलं बेचव खातात म्हणे. मी इतकी हसले की खोकला आला. ब्रायडी न हसता दुसरी भाकरी मागत होती.

आमची खरी गट्टी जमली ती 'करू नये' वरून. मी एक दिवस उन्हं उतरल्यावर तिची फरशी झाडायला केरसुणी घेतली आणि आपणच खाली ठेवली. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही. तिनं कारण विचारलं, ईरानं कंटाळत सांगितलं. ब्रायडीचे डोळे चमकले. मग तिनं तिचं सांगितलं. नवे बूट टेबलावर ठेवायचे नाहीत. काळापांढरा पक्षी एकटाच दिसला तर त्याला सलाम करायचा. मी म्हटलं, बाहेर पडताना मांजर आडवं गेलं तर थांबायचं. मी म्हटलं, दिवेलागणीनंतर घरातलं दूध, दही, मीठ कुणाला द्यायचं नाही. ते ऐकून तिनं टेबलावर थाप मारली. त्यांच्याकडे मेच्या पहिल्या दिवशी दूध आणि विस्तव घराबाहेर देत नाहीत. रोज दुपारी आम्ही एकमेकींना असे दोनचार सांगायचो. ईरा म्हणाली, "यू टू आर द सेम, आजी." इतके नेम तिनं मला सांगितले. एक मात्र सांगायचा राहिला. तो सांगायची वेळ येईल असं तिलाही वाटलं नसेल.

तो कोट तिच्या भावाचा होता. मार्टिन, तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा ब्रायडी अकरा वर्षांची आणि तो आठ. तेव्हापासून ती त्याचं करत होती. दोघांनीही लग्न केलं नाही, दोघांनी मिळून गुरं सांभाळली आणि त्या एका घरात दोघं म्हातारी झाली. मार्टिन पाच आठवडे इस्पितळात होता, छातीच्या दुखण्यानं. कोट थंड पडू नये म्हणून ती तो घालून फिरायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता आणखी करण्यासारखं काही नाही, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतात तिथं ठेवा. तिथली बाई तिला म्हणाली, तुझं वय काय, तू त्याला उचलणार कशी? ब्रायडीनं उत्तर दिलं की मी त्याला आठ वर्षांचा असल्यापासून उचलते आहे. शेवटी ते कबूल झाले. गुरुवारी त्याला घरी आणणार होते.

तिला एकच हवं होतं. जूनमध्ये समोरचं गवत कापतात, ते मार्टिननं घरातल्या खिडकीतून बघावं. गेल्या सत्तर वर्षांत एकही कापणी त्यानं चुकवली नव्हती. तिनं त्याची खाट खिडकीपाशी आणली. त्याचे बूट पॉलिश करून खाटेखाली ठेवले, पाय जमिनीवर टेकत नव्हते तरी. एरवी कशालाही 'ग्रँड' म्हणणारी बाई. पाऊस पडला तरी ग्रँड, पाव करपला तरी ग्रँड. पण गुरुवारबद्दल मी हातानं विचारलं की ग्रँड म्हणत नसे. वर बोट करायची, म्हणजे देवाची मर्जी असेल तर.

माझं माहेर गुरवाचं. देवळातले हार, तोरणं मी सहा वर्षांची असल्यापासून ओवत आले. दवाखान्यातून माणूस घरी येणार आणि दार मोकळं, हे मला बघवेना. गल्लीच्या दोन्ही बाजूंचं काटेरी कुंपण त्या आठवड्यात पांढऱ्या फुलांनी इतकं भरलं होतं की पान दिसत नव्हतं. मी आल्यापासून त्याकडे बघत होते. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, की एवढी फुलं असून कुणाच्या घरात एक डहाळी म्हणून नाही. मला वाटलं, या लोकांना फुलाची किंमत नाही.

गुरुवारी सकाळी मी आणि ईरानं टोपलीभर तोडली. काटे लागले. वास थोडा उग्र होता, बंद खोलीत काहीतरी शिळं राहावं तसा. पण लांबून बरा वाटायचा. आंब्याची पानं कुठली मिळणार, सुजाताच्या कुंपणाची लांब हिरवी पानं तशीच दिसतात, ती घेतली. सुजाता कामावर गेली होती. असती तर तिला तरी काय ठाऊक होतं म्हणा, त्यांना तिथं येऊन वर्षच झालं होतं. ब्रायडी आत खाटेची चादर ताणत होती, तेवढ्यात मी तिच्या चौकटीच्या दोन जुन्या खिळ्यांना तोरण बांधलं. ईरानं तिला हाक मारली.

ती दारात आली आणि वर बघितलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कौतुकाची वाट बघावी तसं. तिचा एक हात कोटाच्या बटणावर होता, तो तिथंच राहिला. मग तिनं ईराला काही विचारलं. ईरा म्हणाली, "आजी, विचारतेय तू स्वतः केलंस का, मार्टिनसाठी?" मी मान हलवली. ब्रायडीनं माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. काट्यांचे ओरखडे होते. "लव्हली," ती म्हणाली. हा शब्द मला येत होता.

मग ती आत गेली, देव्हाऱ्यापाशी ठेवलेली देवाच्या पाण्याची बाटली घेऊन आली आणि त्या तोरणावर पाणी शिंपडलं. माझ्यावर शिंपडलं, ईरावर शिंपडलं, उंबऱ्यावर दोनदा शिंपडलं. मला केवढा आनंद झाला. आम्हीही असंच शिंपडतो. मी हात जोडले.

दुपारी गाडी आली. दोन माणसांनी मार्टिनला खुर्चीत बसवून आणलं. लहानसा दिसत होता, फक्त कान मोठे. दारात त्यांनी खुर्ची थांबवली, कारण मी पाण्याचा पेला आणि ब्रायडीच्या पावाचा तुकडा घेऊन उभी होते. तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आत कसं घ्यायचं? मी ओवाळला. त्यानं टोपी काढली. मग वर बघितलं. बघतच राहिला. मग बहिणीकडे बघितलं. ब्रायडीनं अगदी थोडी मान हलवली. आणि तो हसला. हसताना खोकला, खोकताना हसला. काहीतरी म्हणाला आणि ती दोन माणसं खाली बघायला लागली.

मी ईराला विचारलं, काय म्हणाला? ईरा म्हणाली, "ही सेड, चला ब्रायडी, म्हणजे ते ठरलंच." काय ठरलं ते तिलाही कळलं नव्हतं. आम्ही दोघी धरून चाललो की घरीच राहायचं ठरलं.

शनिवारी आम्ही निघालो. शुक्रवारीच तोरण सुकलं होतं, फुलं तांबूस झाली होती. सुकलेलं तोरण दारावर ठेवत नाहीत, निर्माल्य होतं ते. काढावं असं मनात आलं. पण ब्रायडी दारातच बसली होती. दुसऱ्याच्या दाराला आपण होऊन परत हात कसा लावायचा, तिला आवडलंय तर राहू दे, ती काढेल, असं म्हणून मी गप्प बसले. मला कुठंही पुढे होणं जमत नाही. तिनं जाताना मला पाव दिला. मार्टिननं खिडकीतून बोट वर केलं.

बारा दिवसांनी सुजाताचा फोन आला. मार्टिन पहाटे गेला. अमोल म्हणाला, आपण जायला हवं. इथं मयताला लांबून लांबून लोक येतात, न जाणं वाईट दिसतं.

आम्ही आधी सुजाताकडे उतरलो. ती चहा करत होती, माझ्याकडे पाठ होती. बाकीचे बाहेर होते. म्हणाली, काकू, एक सांगते, पण मनाला लावून घेऊ नका, ही सगळी अंधश्रद्धा आहे. त्या पांढऱ्या फुलांची डहाळी इथं कुणी घरात नेत नाही. नेली की त्या घरातलं माणूस जातं म्हणतात. दुकानातल्या बाईनं सांगितलं. अख्ख्या गावात बोलणं चाललंय.

मी म्हटलं, मग तिनं काढलं का नाही?

सुजाता वळली. "सगळ्यांनी सांगितलं तिला. रोज कोणी ना कोणी सांगायचं, ब्रायडी, ते खाली काढ. ती म्हणायची, पाहुणीनं आपल्या हातानं बांधलंय. मी कसं काढू? तिला येऊ दे."

मी चहा घेतला नाही. ती माझी वाट बघत होती आणि मी तिची. आणि चौदा दिवस ते त्या माणसाच्या डोक्यावर लटकत होतं.

ब्रायडीच्या अंगणात गाड्या होत्या, माणसं होती. मयताच्या घरी हसतात, सँडविच खातात, हे मला ठाऊक नव्हतं. समोरचं गवत गुडघ्याच्या वर आलं होतं, कापायचं होतं अजून. तोरण तिथंच होतं, काळं पडलेलं. आत जाणारी माणसं ते चुकवायला जरा कडेनं जात होती. अमोल आत गेला, सून गेली. मी भिंतीपाशी थांबले. माझ्याकडे कुणी वाईट बघितलं नाही. कुणी बघितलंच नाही, तेच जास्त लागलं.

थोड्या वेळानं ब्रायडी दारात आली. कोट नव्हता अंगात, काळा झगा होता, त्यात ती अर्धीच दिसत होती. तिनं मला शोधलं. मग आत जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल स्वतः उचलून आणलं, चौकटीखाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी गेले. तिनं माझं कोपर धरलं, मी चढले. गाठी पावसानं घट्ट झाल्या होत्या. सुटेनात. तेवढा वेळ ती तिथं उभी, कोपर धरून. शेवटी सुटल्या. सगळी वाळकी फुलं माझ्या पदरात पडली. मी खाली उतरले, गल्लीच्या टोकाला ओढा आहे तिथं जाऊन सोडली आणि हात धुऊन परत आले. ब्रायडीनं मला आत नेलं आणि मार्टिनच्या उशाशी, घरच्या बायका बसल्या होत्या त्या रांगेत बसवलं. त्याच्या अंगात तो कोट होता.

दुसऱ्या दिवशी त्याला पुरलं. थंड, स्वच्छ ऊन होतं. माती लोटून झाल्यावर माणसं ओळीनं ब्रायडीपाशी जाऊन तिचा हात हातात घेत होती. सगळे एकच ठरलेलं वाक्य म्हणतात. ईरानं मला ते गाडीत दहा वेळा पाठ करून दिलं होतं. ओळीत माझ्यापुढे नीलेश आणि सुजाता होते, ते पुढे सरकले. ईरा तिच्या आईपाशी मागे राहिली होती.

माझी पाळी आली आणि पाठ केलेलं सगळं गेलं. मी मराठीतच म्हटलं, "मला माहीत नव्हतं हो, बाई."

ती ऐकत होती. सगळ्यांना तिनं दोन शब्दांत उत्तर दिलं होतं. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला, जवळ वाकली आणि बोलली. सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, लहान मुलाला सांगावं तसं. मार्टिनचं नाव त्यात दोनदा आलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ते माझ्या डोळ्यांवरून हलले नाहीत. ती रागावली होती की समजूत घालत होती, ते मला तिच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. मागची माणसं थांबली होती. मग तिनं हात सोडला आणि पुढच्या माणसाकडे वळली. वाऱ्यानं तिचा रुमाल घसरला होता, तो तिनं सारखा केला. तेच तिला शेवटचं बघितलं. देशात जाऊन पुढच्या मे महिन्यात मी परत आले तोवर तीही गेली होती.

त्या दिवशी नासला आल्यावर, विसरायच्या आत, ती बोलली तसे ते आवाज मी या वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या अक्षरांत लिहून ठेवले. साडेतीन ओळी आहेत. ईराला वाचून दाखवल्या तर ती अर्थ सांगेल. शाळेतून आली की ती रोज माझ्या शेजारी बसून खाते, तेव्हा वही जवळच असते. अजून मी ते पान उघडलेलं नाही.